एका घटाची आग दुसऱ्यास लागूं नये म्हणून

आग विझविण्याची मनुष्याची जुनी युक्ति एकच आहे: तिचा श्वास कोंडावयाचा. पेटलेल्या कढईवर झांकण घालावें, कपड्यांनीं पेट घेतल्यास घोंगडी गुंडाळावी, गुदामाचीं दारें लावून घ्यावीं. हवा तुटली कीं ज्वाला मरते. परंतु फोनांत, संगणकांत आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींत ज्या लिथियम-आयन बॅटऱ्या आज बसल्या आहेत, त्यांच्या आगीपुढें ही युक्ति पुरी पडत नाहीं. ती कां पडत नाहीं हें समजल्यावांचून, या बॅटऱ्या सांठवितांना व पाठवितांना पाळावयाचे नियम म्हणजे व्यापाऱ्यांच्या मागें लावलेला एक निरर्थक जाच आहे असेंच वाटत राहील.

बॅटरी म्हणजे लहान लहान विद्युत्‌घटांची जुडी. प्रत्येक घटांत दोन पातळ पत्रे असतात. एक तांब्याचा, ग्राफाइटचा लेप दिलेला, व दुसरा ॲल्युमिनियमचा, धातूच्या संयुगाचा लेप दिलेला. दोहोंच्या मध्यें प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. तो मनुष्याच्या केसाहूनही पातळ असतो. हें सारें स्पिरिटासारख्या ज्वालाग्राही द्रवांत भिजलेलें असतें. सर्व भरंवसा त्या पडद्यावर! घट चेंगरला, प्रमाणाबाहेर भारित झाला, कारखान्यांत धातूचा एखादा कण आंत राहिला, किंवा बाहेरून उष्णता लागली, तर पडदा फाटतो अथवा वितळतो. पत्रे एकमेकांस भिडतात, आणि दिवसभर पुरवून वापरावयाची वीज क्षणार्धांत उष्णता होऊन बाहेर पडते. उष्णता आणखी चढली म्हणजे धातूच्या संयुगांतून प्राणवायु सुटूं लागतो. म्हणजे या आगीची शिदोरी तिच्यापाशींच असते. लोह-फॉस्फेटाचे घट या बाबतींत बरेच सौम्य. त्यांतून प्राणवायु जवळजवळ सुटत नाहीं. तथापि त्यांतून निघणारा धूरही जळणाराच असतो, हें विसरून चालत नाहीं.

एक घट पेटला तर होणारी हानि बहुधा थोडी. खरा अनर्थ होतो तो त्याच्या तापानें शेजारचा घट पेटतो, त्याच्या तापानें तिसरा, या परंपरेनें.

ही परंपरा काय करूं शकते हें ३ सप्टेंबर २०१० रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं सायंकाळीं दुबईहून जर्मनींतील कोलोनकडे एक बोईंग ७४७ मालवाहू विमान निघालें. मालांत ८१,००० हून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारें २२ मिनिटांनीं आगीची घंटा वाजली. दोहाचा विमानतळ जवळ होता. परंतु कप्तानानें दुबईस परत फिरण्याचें ठरविलें. अशा विमानाच्या मुख्य मालकक्षांत आग विझविण्याचें साधन नसतें. तेथील हवेचा दाब उतरवून आगीस प्राणवायु मिळूं द्यावयाचा नाहीं, अशी योजना असते. तीच जुनी युक्ति! थोड्याच मिनिटांत आगीनें विमानाच्या सुकाणूचे दुवे निकामी केले. धूर इतका दाटला कीं समोरचीं यंत्रें दिसेनात, आणि कप्तानाचा प्राणवायूचा पुरवठाही तुटला. दुसरा वैमानिक एकटा, आसपासच्या विमानांनीं रेडिओवरून पोंचविलेल्या निरोपांच्या आधारें विमान हांकीत राहिला. घंटा वाजल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत विमान कोसळलें व दोघेही मृत्यु पावले. आगीचा उगम बॅटऱ्या असलेल्या मालांतच झाला, असा निष्कर्ष संयुक्त अरब अमीरातीच्या चौकशींत निघाला.

प्रवासी विमानांच्या मालकक्षांत हॅलॉन वायु सोडण्याची व्यवस्था असते. तो ज्वाला दाबतो. घटाची उष्णता मात्र कमी करीत नाहीं. ज्वालेशिवायही तापलेला घट आपल्या शेजाऱ्यास तापवीत राहतो. यास्तव आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी केली. आणि मालवाहू विमानांतून नेतांना त्या शेंकडा ३० पेक्षां अधिक भारित असूं नयेत असें ठरविलें. घटांत वीज कमी असेल तर तो बिघडला तरी उष्णता कमी निघते, व पुष्कळदां साखळी पहिल्याच कडीशीं तुटते. मग ती अगदीं शून्यावर आणून कां पाठवूं नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. पार रिकामा घट फार काळ पडून राहिला तर त्यांतील तांबें द्रवांत विरघळूं लागतें, आणि पुढें तो भारित करतांना तेंच तांबें आंतल्या आंत नको तेथें जाऊन बसतें. म्हणून वीज थोडी असावी, पण असावी.

वाहतुकीस योग्य ठरण्यापूर्वीं बॅटरीच्या जातीस संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलींतील आठ परीक्षांस उतरावें लागतें. विरळ हवा, उणें ४० ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंतचे आळीपाळीचे तापमान, कंप, धक्का, चेंगरणें इत्यादि त्या परीक्षा होत. या नव्या व धड मालाच्या परीक्षा आहेत. फुगलेली, आपटलेली किंवा कंपनीनें दोष आढळून परत मागविलेली धोकादायक बॅटरी विमानानें पाठविण्यास सर्वथा मनाई आहे. आणि नेमक्या अशाच बॅटऱ्या भंगाराच्या वखारींत पोत्यांत भरल्या जातात, त्यांचीं टोकें एकमेकांस घासत असतात! टोकांवर चिकटपट्टी लावावी, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवींत ठेवावी, फुगलेल्या नगास वाळूच्या डब्यांत उघड्यावर एकटें ठेवावें. या गोष्टींस खर्च नगण्य येतो.

महाराष्ट्रासही हा विषय परका नाहीं. ९ एप्रिल २०२२ रोजीं नाशिक येथें विजेच्या ४० दुचाकी भरलेल्या एका कंटेनरनें कारखान्यालगतच पेट घेतला. त्यांतील २० जळाल्या. मनुष्यहानि झाली नाहीं. कंटेनरांत माल जितका दाटून भरावा तितकें भाडें वांचतें, आणि येथें नेमकी दाटीच घातक होते. शेजार कोणाचा, हा मालवाहतुकींतील फार जुना प्रश्न आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ज्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्याच्या पोटांत दारूगोळा व कापसाच्या गांठी एकत्र होत्या.

सांठवणींतही अंतर हेंच औषध. कॅलिफोर्नियांतील मॉस लँडिंग येथें एका जुन्या वीजघराच्या इमारतींत बॅटऱ्यांचा प्रचंड सांठा एका छपराखालीं उभा केला होता. १६ जानेवारी २०२५ रोजीं तो पेटला आणि हजाराहून अधिक लोकांस घरें सोडावीं लागलीं. त्याच आवारांत वेगळ्या ठेवलेल्या बॅटऱ्या मात्र बचावल्या.

दुसरी गोष्ट वाटेची. २४ जून २०२४ रोजीं दक्षिण कोरियांतील ह्वासंग येथें एका कारखान्यांत लिथियम बॅटऱ्यांचे ढीग बाहेर पडण्याच्या वाटेजवळ रचलेले होते. एक बॅटरी फुटली. कामगारांनीं ती विझविण्याचा यत्न केला. मिनिटाच्या आंत दालन धुरानें काळें झालें. २३ माणसें प्राणांस मुकलीं. सिकंदराबादेस १२ सप्टेंबर २०२२ रोजीं विजेच्या दुचाकींच्या दुकानांत आग लागली, धूर जिन्यानें वर चढला, व वरच्या लॉजमधील ८ जण दगावले. आपल्या चाळींतून व इमारतींतून जिन्याखालीं दुचाकी भारित करण्यास लावण्याची जी सोयीची चाल पडली आहे, तिचा विचार या दोन घटनांच्या उजेडांत करणें अवश्य आहे.

आतां विझविण्याविषयीं. येथें पाणीच उपयोगी, आणि तेंही पुष्कळ. कारण ज्वाला दाबण्यापेक्षां घट थंड करणें हें खरें काम आहे. पेटलेल्या खोलीचें दार मात्र घाईनें उघडूं नये. १९ एप्रिल २०१९ रोजीं अमेरिकेंत ॲरिझोना येथील एका बॅटरीघरांत आग विझविणारा वायु आपोआप सुटला होता. बाहेर ज्वाला दिसत नव्हती. आंत तापलेल्या घटांतून जळणारे वायु निघून कोंडले होते. कांहीं तासांनीं अग्निशामक दलानें दार उघडलें. बाहेरची हवा आंत शिरली व स्फोट होऊन चार जवान जबर जखमी झाले. म्हणून अशा कोठ्यांस वायु बाहेर काढणारे पंखे व छपरांत फुटून मोकळे होणारे झडपे ठेवावे, असा आग्रह तज्ज्ञ धरतात.

विझलेली बॅटरी पुन्हां पेटते. तासांनीं, कधीं दिवसांनींही. आंत न जळलेले घट शिल्लक असतात व ते हळूहळू तापत राहतात. यासाठीं जळलेली मोटार उचलून नेल्यावर ती इतर गाड्यांपासून व इमारतींपासून सुमारें १५ मीटर दूर, उघड्या आवारांत उभी करावी, आणि तिच्यावर कांहीं दिवस नजर ठेवावी, असा दंडक अमेरिकेंत सांगितला जातो.