स्वस्त ग्राफिक्स कार्डासाठी थांबायचं, पण कुठपर्यंत?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना भरभर गेलेले आकडे इथे नीट मांडलेत.

आजचा प्रश्न एकच आहे. अमरावतीहून येतो, अकोल्याहून येतो, बडनेऱ्याच्या होस्टेलवरून येतो: "भाऊ, तीसेक हजार जुळले. कार्ड घेऊन टाकू का अजून थांबू?" हे तीस हजार कसे जुळतात ते आपल्याला ठाऊक आहे. कोणाच्या घरून सोयाबीन विकल्यावर आलेले असतात, कोणी इंटर्नशिपमधून साठवलेले असतात. एकदा घेतलेलं कार्ड पुढे चार-पाच वर्षं चालवायचं असतं. त्यामुळे "घे ना बिनधास्त" असं उत्तर देऊन चालत नाही.

माझं उत्तर असं: थांबणं दोन प्रकारचं असतं. नवीन सिरीज आली, पण आपल्या बजेटचं कार्ड अजून यायचंय, हे पहिलं थांबणं. ते कार्ड आलं, पण अजून स्वस्त होईल म्हणून वाट पाहायची, हे दुसरं. पहिल्यात फायदा आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा नुकसान. दोन्ही नीट समजून घेऊ.

आधी महागडं कार्ड काहून येतं?

एन्व्हिडिया आणि एएमडी चिप डिझाइन करतात, पण बनवून घेतात तैवानच्या टीएसएमसीकडून. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल तबकडीवर चिपा छापल्या जातात आणि मग कापून वेगळ्या करतात. आरटीएक्स ५०९० ची चिप ७५० चौरस मिलिमीटरची आहे. ५०६० ची फक्त १८१. कागदावरच्या हिशेबानं एका तबकडीवर मोठी चिप सत्तरच्या आसपास बसते, छोटी सव्वातीनशेच्या वर. शिवाय तबकडीवर कुठे दोष राहिला तर मोठ्या चिपेत तो सापडण्याची शक्यता जास्त. म्हणजे छोटी चिप बनवणं उलट सोपं. मग ती मागून का?

पहिलं कारण सरळ धंद्याचं. ज्याला घाई आहे आणि ज्याच्याकडे पैसे आहेत, तो आधी येतो. २,००० डॉलरचं आणि ३०० डॉलरचं कार्ड एकाच दिवशी ठेवलं तर वरच्या गिऱ्हाइकांपैकी काही जण खाली सरकतील. दुसरं, दुकानांत जुन्या सिरीजची मधली कार्डं पडलेली असतात. ती आधी खपायला हवीत.

तिसरं कारण प्रतवारीचं. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा माल कसा लावतात ते पाहिलं असेल. बाग एकच, पण मोठं, चकचकीत फळ एका ढिगात आणि बारीक किंवा डाग असलेलं दुसऱ्या ढिगात. चिपांचंही तसंच. ५०६० टीआय आणि ५०६० या दोन्हींत एकच चिप आहे. पूर्ण चांगली निघाली तर ४,६०८ कोअर चालू ठेवतात आणि ती टीआय होते. काही भाग बंद करून ३,८४० कोअर ठेवले की ती ५०६०. दोन्हींत टीआय आधी आलं, १६ एप्रिल २०२५ ला. साधं ५०६० आलं १९ मे ला.

आणि चौथं कारण म्हणजे एआय. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एन्व्हिडियाची एकूण विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर होती. त्यात डेटा सेंटरचा वाटा सुमारे ११५ अब्ज, गेमिंगचा ११ अब्जांच्या थोडा वर. दहा वर्षांपूर्वी याच कंपनीची निम्म्याहून जास्त विक्री गेमिंगची होती. आता आपण रांगेत मागे आहोत, हे मान्य करून चालायचं.

पहिलं थांबणं: याला तारीख असते

मागच्या तीन सिरीज पाहा. आरटीएक्स ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये आलं, ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. अंतर पाच महिने. ४०९० ऑक्टोबर २०२२, ४०६० जून २०२३, म्हणजे साडेआठ महिने. ५०९० जानेवारी २०२५, ५०६० मे २०२५, साडेतीन महिने. एएमडीचं आरएक्स ९०७० मार्च २०२५ ला आलं आणि ९०६० एक्सटी जूनमध्ये.

म्हणजे तीन ते नऊ महिने. पुढची सिरीज जाहीर झाली आणि जुनं मशिन कसंबसं चालतंय, तर एवढं थांबा. त्या काळात जुनं मधलं कार्ड पूर्ण भावात घेऊ नका.

दुसरं थांबणं: याला तारीख नसते

आता रुपयांत पाहू. ३०६० ची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती, ४०६० आणि ५०६० ची २९९. डॉलरमध्ये स्वस्त झालं. पण २०२१ च्या सुरुवातीला डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता. ३२९ गुणिले ७३, वर १८ टक्के जीएसटी, झाले सुमारे २८,३००. ५०६० आलं तेव्हा डॉलर ८५ च्या आसपास. २९९ चे जीएसटीसकट होतात जवळपास ३०,०००. तिकडे ३० डॉलर कमी झाले, इकडे १,७०० रुपये वाढले. आयात आणि वितरणाचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. ५०७० च्या बाबतीत तो दिसतो: ५४९ डॉलरचे जीएसटीसकट साधारण ५६,००० होत होते, भारतासाठी जाहीर झालेली किंमत होती ५९,०००.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरनं ९० रुपये ओलांडले. तेच २९९ डॉलर आता ३१,७०० च्या वर गेले. कार्डात काही बदल नाही, फक्त आपण थांबलो. त्याच सुमारास एआय सर्व्हरच्या मागणीमुळे मेमरी चिपांची टंचाई झाली आणि रॅमच्या किटचे भाव काही महिन्यांत दुपटीपेक्षा वर गेले. मायक्रॉननं तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच लागते, हे विसरू नका.

२०२१ मध्येही तेच. ३०६० कागदावर ३२९ डॉलरचं, पण क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी बाजार उचलला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं मायनिंगची पद्धतच सोडली, त्यानंतर तो भार उतरला. ही तारीख दुकानदाराला आधी सांगता आली असती का?

घेताना काय पाहायचं?

एक, मेमरी. ५०६० ला ८ जीबी आहे. १०८० पी वर, सेटिंग थोडं कमी ठेवून खेळायला पुरेल. पण बरेच नवे गेम सर्वात वरच्या सेटिंगला ८ जीबीत मावत नाहीत. तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये चालवायचं असेल तर नुसत्या मॉडेललाच १४ जीबी लागतात. तिथे १६ जीबीचं ५०६० टीआय किंवा ९०६० एक्सटी बघा. फक्त गेम असतील तर ९०६० एक्सटीचा हिशेब चांगला बसतो. मशिन लर्निंग असेल तर कुडामुळे एन्व्हिडियावर डोकेदुखी कमी.

दोन, मदरबोर्ड. ५०६० आणि ५०६० टीआय पीसीआयईच्या आठच लेन वापरतात. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर पीसीआयई ३.० असतं. तिथे ८ जीबी भरली की वेग पडतो. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं.

तीन, वीज आणि ऊन. ५०६० ला १४५ वॅट लागतात, ५०६० टीआयला १८०. सेकंडहँड ३०८० स्वस्तात मिळतंय म्हणून मोह होतो, पण ते ३२० वॅट खातं. ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना आणि कूलर दमट हवा फेकत असताना तो फरक जाणवतो. शिवाय ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो. लाइट गेली की ३०८० वालं मशिन तिथेच बसेल.

चार, बिल. कार्ड गावात घ्या, नागपूरहून मागवा किंवा ऑनलाइन घ्या, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर पाहिजेच. वॉरंटीसाठी कार्ड कुठे पाठवायचं, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि काम अडवू नका

पैसे जुळायला वेळ असेल तर प्रोजेक्ट थांबवू नका. गुगल कोलॅबवर फुकटात बऱ्याचदा १६ जीबीचं टी४ मिळतं. कॅगलवर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो. कोड तिथे लिहा, मॉडेल तिथे चालवा. दोन महिन्यांनी आपल्याला नेमकं किती मेमरीचं कार्ड लागतं, हेही त्यातून कळेल.

थोडक्यात: कार्ड अजून आलंच नसेल तर थांबा. आलं असेल, काम असेल आणि पैसे हातात असतील तर घ्या, आणि घेतल्यावर महिनाभर भाव पाहू नका. कमेंटमध्ये आपला बोर्ड, एसएमपीएस आणि बजेट लिहा, पुढच्या भागात काही बिल्ड्सवर बोलू. भेटूया.