उपग्रहाला भरती ६२ दिवसांची का दिसते?



डिझेल-बर्फ भरून नकाशात दाखवलेल्या जागी जावे आणि जाळे रिकामे यावे, असे झाले की मालक मंडळी आम्हाला विचारतात, "उपग्रह वरून सगळा दर्या बघतो ना, मग चुकतो कसा?" सगळा बघतो हे खरे, पण एकदम नाही आणि सतत तर नाहीच.

भरती-सुकतीचेच घ्या. एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, हे आपल्या पोरांनाही ठाऊक. १९९२ साली अमेरिका आणि फ्रान्सने टोपेक्स-पोसायडन उपग्रह सोडला. तो रडारने समुद्राची उंची मोजायचा. पण त्याच जागेवर परत यायला त्याला जवळजवळ १० दिवस लागत. तेवढ्यात १९ भरत्या होऊन जात आणि विसावीचा सहावा हिस्सा झालेला असे. म्हणजे दर फेरीला पाणी थोडेच पुढे सरकलेले दिसे. सहा-सव्वासहा फेऱ्यांत एक भरती पुरी, त्याच्या हिशेबाने ६२ दिवसांची! शास्त्रज्ञांना हे आधीच माहीत होते, म्हणून त्यांनी फेरीचा मार्ग विचार करून ठरवला. कारण रोज ठराविक वेळीच डोक्यावरून जाणारा उपग्रह असेल तर सूर्याची बरोबर १२ तासांची भरती त्याला कायम एकाच पातळीवर थांबलेली दिसते. शिवाय त्याच्या दोन मार्गांत विषुववृत्तावर ३१५ किलोमीटरची फट. सरळ रेषेत पणजी ते मंगळूर म्हणा ना!

आपल्याला हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासळीच्या जागांची सूचना येते. ती पाण्याचे तापमान आणि रंग यांवर बसवलेली असते. ढगाखालचे हे दोन्ही दिसत नाही, म्हणून ढगाळ हवेत सूचना मिळत नाही. महिन्याची सरासरी काढली तरी ती उघड्या दिवसांचीच होते, आभाळ भरून वाऱ्याने पाणी ढवळलेले दिवस गळतात. आणि तापमान मोजतात ते अगदी वरच्या सायीचे. वारा पडलेल्या दुपारी ती साय दोन-तीन अंशांनी तापू शकते. खाली फिरणाऱ्या बांगड्याला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा सूचना हातात आली की आधी तारीख बघा. जुनी असेल तर प्रवाहाने जागा सरकली असे धरूनच तांडेलाशी बोला. परत आल्यावर वेळ, जीपीएसची जागा आणि मासळी वहीत लिहा, रिकामे आलात तरीसुद्धा. मिळाले तेवढेच लिहिले तर आमची वहीही ढगाळ दिवस वगळलेल्या सरासरीसारखी होईल. वही ऑफिसात खिडकीजवळ ठेवली आहे.