घरच्या घरी करा मऊ 'आयसिंग' बिस्किटे

वाढदिवस असो की मुलांचा निकाल, वस्त्यावस्त्यांतून आता बेकरीचा केक आणण्याची रीत पडली आहे. मुलांच्या आनंदाच्या आड आम्ही येणार नाही. पण केकला मोजलेले पैसे आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा यांचा मेळ बसत नाही. म्हणून या वेळी केकसारखेच मऊ, वर साखरेचा थर असलेले बिस्कीट देत आहोत. त्याला ओव्हन लागत नाही, लागते अचूक माप.

हा प्रकार अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या बेकऱ्यांतला. अर्धा थर पांढरा आणि अर्धा चॉकलेटचा, म्हणून नाव 'ब्लॅक अँड व्हाइट कुकी'. त्यासाठी नावाजलेली तेथील ग्लेझर्स बेकरी 1902 साली सुरू झाली आणि 2018 मध्ये बंद झाली. 2008 च्या निवडणूक प्रचारात बराक ओबामा यांनी या कुकीला 'एकतेची कुकी' म्हटले होते.

आपली नानकटाई खुसखुशीत होते, कारण तिच्यात तूप भरपूर आणि पाणी जवळजवळ नाही. इथे उलट आहे. ताक आणि अंड्यामुळे पीठ ओलसर राहते, ताकाच्या आंबटपणाने सोडा फुलतो आणि बिस्कीट हलके होते.

साहित्य (10 ते 12 बिस्किटांसाठी) : मैदा 160 ग्रॅम, लोणी 75 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, अंडे 1, घट्ट आंबट ताक 80 मिलिलिटर, खाण्याचा सोडा चहाचा अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. घरी काटा नसेल तर जिन्नस दुकानातूनच तोलून आणावेत.

कृती : मैदा, सोडा व मीठ दोनदा चाळून घ्यावे. लोणी व साखर हलकी होईपर्यंत फेसावी, मग अंडे घालून पुन्हा फेसावे. आता मैदा आणि ताक आलटून पालटून घालून हलक्या हाताने कालवावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. जास्त घोटले तर बिस्कीट चिवट होते.

दोन जाड बुडाच्या कढयांत तळाशी स्टँड ठेवून, झाकण लावून 10 मिनिटे मंद आचेवर तापवाव्यात. तूप लावलेल्या थाळ्यांत अंतर सोडून एकेक मोठा चमचा मिश्रण घालावे. दोन्ही थाळ्या एकाच वेळी चढवाव्यात, कारण ताक मिसळताच सोड्याचे काम सुरू होते आणि ठेवून दिलेले पीठ नीट फुगत नाही. सुमारे 15 ते 18 मिनिटे लागतात. कडा किंचित सोनेरी झाल्या आणि मधे बोट दाबल्यावर पीठ वर आले, की लगेच काढावीत. जास्त वेळ ठेवली तर कोरडी पडतात.

आयसिंग : 150 ग्रॅम पिठीसाखर वस्त्रगाळ करून त्यात लिंबाचा रस 1 चमचा व गरम पाणी थोडे थोडे घालून मधासारखे दाट करावे. निम्म्यात कोको पावडर 3 चमचे व लागेल तेवढे पाणी मिसळावे. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर उलटी करून सपाट बाजूला आधी पांढरे, ते सुकल्यावर उरलेल्या अर्ध्यावर काळे लावावे. गरम बिस्किटावर आयसिंग ओघळते.

आता थोडे हिशेबाचे. ही बिस्किटे विकून चार पैसे मिळवावेत असे काही भगिनींच्या मनात येईल. अवश्य करावे. मात्र अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. आपल्याकडे जिन्नस व गॅस धरून भाव ठरतो, स्वतःच्या कष्टाचा रकाना कोराच राहतो. मग बाई दिवसभर राबते आणि 'सुटले काहीच नाही' म्हणून धंदा बंद पडतो. वहीत पाच रकाने पाडा : जिन्नस, गॅस, वेष्टन, मोडतोड आणि मजुरी. बाहेर कामाला गेले असते तर तेवढ्या तासांचे जे मिळाले असते, ते मजुरीत लिहा. पाचांची बेरीज करून त्यावर नफा धरा, मगच भाव सांगा.

घरातल्यांसाठी केलीत तरी एकदा हा हिशेब मांडून सर्वांना वाचून दाखवा. घरातल्या बाईच्या श्रमाची किंमत आधी घरात कळली पाहिजे.