हा पक्षी आहे की स्वयंपाकघरातलं भांडं?

आज एक केस ऐकवतो. खरीखुरी, कोर्टातली.

१९२६ साली न्यूयॉर्कच्या बंदरात पॅरिसहून काही खोकी उतरली. त्यातल्या एकात होतं कॉन्स्टंटिन ब्रांकुशीचं 'बर्ड इन स्पेस'. साधारण साडेचार फूट उंच, आरशासारखं चकाकणारं, निमुळतं ब्राँझ. चोच नाही, पंख नाहीत, पायही नाहीत.

कस्टमवाले चक्रावले. अमेरिकेत कलाकृतींवर ड्युटी नव्हती. पण शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल, असा तेव्हाचा अर्थ होता. हे तर कशासारखंच दिसेना! मग त्यांनी ते 'स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं सामान' या गटात टाकलं आणि ४० टक्के ड्युटी लावली. फॉर्मच्या ड्रॉपडाऊनमध्ये आपला पर्याय नसला की आपण काहीतरी जवळचं निवडतो ना, तसंच हे. चूक वस्तूची नव्हती, यादीच जुनी होती.

प्रकरण कोर्टात गेलं. शिल्प विकत घेणारे फोटोग्राफर एडवर्ड स्टायकन यांना विचारलं गेलं, जंगलात हे दिसलं तर पक्षी समजून गोळी झाडाल का? ते म्हणाले, नाही. सरकारी वकिलाचा मुद्दा असा, की ब्राँझला असं पॉलिश तर एखादा मेकॅनिकही करेल. शिल्पकार जेकब एपस्टाईन यांचं उत्तर मला फार आवडतं: पॉलिश करेल हो, पण मुळात हे त्याला सुचणार नाही.

'हे तर मीपण केलं असतं' असं आपण आजही म्हणतोच की!

नोव्हेंबर १९२८मध्ये निकाल लागला, ब्रांकुशीच्या बाजूने. कोर्टाने मान्य केलं, की यात पक्षी ओळखणं अवघड आहे. पण कलेत नवे प्रवाह आलेत, ते आपल्याला आवडोत न आवडोत, त्यांची दखल घ्यावी लागेल. म्हणजे 'दिसायला हुबेहूब' ही अट कायद्याच्या दारातच गळून पडली.

आणि आपल्याकडचा धागा? इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी पुढे याच मालिकेतले तीन पक्षी घेतले. त्यांच्यासाठी इंदूरला मंदिर बांधायचं ठरलं, ब्रांकुशी तिथे येऊनही गेला. मंदिर मात्र झालं नाही.

तर पुढच्या वेळी 'ही कसली कला?' असं तोंडात आलं, तर एक क्षण थांबा. आपल्या डोक्यातली यादी शेवटची कधी अपडेट केली होती, तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात!