कबुतरांचा श्वसनविकार

कबुतर आपलें दुखणें बराच काळ लपवितें; म्हणून त्याची परीक्षा रोज सकाळीं दाणे टाकतांना करावी, असें आम्ही सुचवितों. प्रौढ व निरोगी कबुतराच्या चोंचीच्या मुळाशीं असलेला उंचवटा बहुधा खडूसारखा पांढरा असतो. तो मळकट दिसूं लागला, एका डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, श्वासासरशीं शेपटी खालवर होऊं लागली, किंवा स्वस्थ बसला असतांही पक्षी चोंच उघडी ठेवूं लागला, तर श्वसनमार्गाचा विकार संभवतो.

अशा पक्ष्यास ऊबदार पण हवेशीर जागीं वेगळें ठेवावें. दाणापाणीही निराळें असावें. औषध मात्र अंदाजानें देऊं नये. घशांत पिवळसर थर सांचणें हा एक रोग. बुरसटलेल्या दाण्यांपासून होणारा फुप्फुसांचा विकार दुसरा. आणि दोहोंचीं औषधें भिन्न. पशुवैद्यांनीं डॉक्सिसायक्लीन दिल्यास तें चालू असेपर्यंत शिंपल्यांची भुकटी घालूं नये. तिच्यांतील चुन्यामुळें औषध शरीरांत नीट भिनत नाहीं.

१९२९-३० सालीं पोपटांपासून अनेक देशांत जो ज्वर पसरला, त्याचे जंतु कबुतरांतही आढळतात, व वाळलेल्या विष्ठेच्या धुळीबरोबर माणसाच्या फुप्फुसांत शिरतात. यास्तव ढाबळ झाडण्यापूर्वीं पाणी शिंपडावें, नाकातोंडास आच्छादन बांधावें व मुलांस दूर ठेवावें. घरांत कोणास ताप-खोकला आल्यास आपण कबुतरें पाळतों हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. नाहींतर निदान चुकण्याचा संभव असतो.