आमदारसाहेब, सूर्याच्या विजेवर आपण ‘होय’ म्हणालात की ‘नाही’?

महावितरणचे बिल घरात आले की आपण शेवटची रक्कम पाहतो, भरण्याची तारीख पाहतो आणि बिल खिळ्याला अडकवतो. या महिन्याचे बिल खाली काढा आणि मधल्या ओळी वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार या रकमा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने येतात. त्यांच्याखाली ‘वीज शुल्क’ नावाची एक ओळ आहे. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के लागते. म्हणजे वरच्या आकारांची बेरीज ६०० रुपये झाली, तर ९६ रुपये शुल्क. हे ९६ रुपये आयोगाने ठरवलेले नाहीत. ते ‘महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६’ या कायद्याने येतात आणि हा कायदा आपल्या विधिमंडळाने केला आहे. आपल्या घरातील दिव्याशी आमदाराचा थेट संबंध येतो तो या ओळीत.

आता प्रश्न असा की, विजेच्या कायद्यावर, आणि विशेषतः आज ज्याचा एवढा गाजावाजा चालला आहे त्या सौर आणि पवन विजेवर, आपला आमदार सभागृहात कोणत्या बाजूला उभा राहतो? पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड असे सात आमदार आपण रायगडकर निवडून देतो. पाच वर्षांनी ते आपल्या वाडीत येतात, समाजमंदिराला पत्रे देतो म्हणतात. पण त्यांनी मत काय दिले, हे सांगणारा कागद कुठे आहे?

बहुतेक विधेयकांच्या बाबतीत असा कागदच नसतो. आपल्या विधानसभेत विधेयक मताला टाकतात तेव्हा अध्यक्ष अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात. आवाज कानावर घेऊन ‘होयचे बहुमत’ असे जाहीर करतात आणि विधेयक मंजूर होते. यालाच आवाजी मतदान म्हणतात. कोण ‘होय’ म्हणाला, कोण गप्प बसला, कोण त्या वेळी बाहेर चहा पीत होता, याची नावनिशीवार नोंद होत नाही. सभागृह भरलेले असावे लागते असेही नाही. राज्यघटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणे एक दशांश सदस्य हजर असले की गणपूर्ती होते. २८८ जणांच्या सभागृहात २९ आमदार पुरतात.

नावे मोजायची असतील तर सदस्यांनी ‘पोल’ मागावा लागतो, म्हणजे मतविभागणी. तो मोठ्या राजकीय प्रसंगी होतो. ४ जुलै २०२२ रोजी शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर एकेका सदस्याला उभे करून शिरगणती झाली आणि १६४ विरुद्ध ९९ असा निकाल लागला. याच्या उलट १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि त्यावर विरोधकांनी गदारोळ केला. राज्याचे सरकार राहते की जाते, हे जिथे आवाजावर ठरू शकते, तिथे गरिबाच्या वीजबिलाची शिरगणती कोण मागणार?

दिल्लीतही फार वेगळे नाही. मोठ्या वीजग्राहकांना बिगर-जीवाश्म ऊर्जा काही प्रमाणात वापरायला लावण्याची तरतूद असलेले ऊर्जा संवर्धन (सुधारणा) विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर केले, तेही आवाजी मतदानाने. अमेरिकेत चाल निराळी आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०४५ पर्यंत सगळी वीज प्रदूषणरहित करण्याचा कायदा २०१८ साली केला, तेव्हा कोणता आमदार बाजूने आणि कोणता विरुद्ध, हे नावानिशी नोंदले गेले. तिथला मतदार ते वाचून पुढच्या निवडणुकीत जाब विचारू शकतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पोल झाला तरी काय उपयोग, पक्षाचा व्हिप असतोच. हे खरे आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. २०२४ च्या निवडणुकीत रायगडच्या सातही जागा महायुतीकडे गेल्या, तेव्हा सरकारी विधेयकावर सातांची बाजू आधीच ठरलेली, असे समजायला हरकत नाही. पण व्हिप मतावर असतो, तोंडावर नसतो. भाषण करायला, तारांकित प्रश्न टाकायला, लक्षवेधी मांडायला, विधेयकात सुधारणा सुचवायला सत्ताधारी आमदारालाही मोकळीक असते. मत कळत नसले तरी हे सारे सभागृहाच्या कार्यवाहीत नावासकट छापले जाते. तेव्हा आमदाराची परीक्षा तिथे घ्यावी, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त खटकते. सौर विजेचे बहुतेक निर्णय सभागृहात विधेयक म्हणून येतच नाहीत. २०२० सालचे राज्याचे अपारंपरिक ऊर्जा धोरण, १७,३६० मेगावॉटचे उद्दिष्ट असलेले, हा शासनाचा निर्णय होता. वीज कंपन्यांनी किती टक्के वीज सूर्य-वाऱ्याची घ्यायची, हे २००३ च्या केंद्रीय वीज कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे नियामक आयोग ठरवतो. छतावरच्या सौर पॅनेलची योजना, शेतीपंपाची योजना, सगळे शासन निर्णयाने. सभागृहापुढे येतात ते पैसे. ऊर्जा विभागाच्या मागण्या अर्थसंकल्पात येतात आणि वेळ संपली की कितीतरी मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात.

यात आपल्या समाजाचे काय अडले आहे? दोन गोष्टी सांगतो.

पहिली छताची. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान आहे. २०२५ साली राज्याने ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. त्यात महिना १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या दुर्बल घरांसाठी राज्याची भर आहे: दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार, इतरांना १० हजार. एक किलोवॉटचा खर्च ५० हजार धरला, तर आपल्या माणसाच्या खिशातून पाच हजार जातात. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० च्या दुरुस्तीने दिला, तेव्हा दाखला नीट असेल तर हा हक्क आपलाच आहे. पण बौद्धवाडीतील घरे पाहा. मीटर अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली. वारसांपैकी दोघे मुंबईला, एक सुरतेला. छत कौलांचे किंवा पत्र्याचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे पत्रे पतंगासारखे उडाले आणि कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा छतावर पॅनेल कशाला टेकवायचे आणि वादळात ते गेले तर भरपाई कोण देणार? हा प्रश्न किनाऱ्यावरच्या आमदाराने सभागृहात विचारण्यासारखा आहे.

दुसरी जमिनीची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ पासूनची योजना शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी आहे आणि तो हेतू चांगलाच आहे. तिच्यासाठी सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते. सरकारी जमीन म्हणजे अनेक गावांत गायरान, आपल्या कोकणात गुरचरण. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते याच पडीक जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी मराठवाड्यात, विदर्भात आपले कितीतरी नातेवाईक जमीन कसतात आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याची जमीन कागदावर मोकळीच दिसते. सौर प्रकल्पाला आपला विरोध नाही. कसणाऱ्याला उठवण्याआधी त्याचा दावा निकाली काढा, अशी अट कायद्यात हवी, आणि ती शासन निर्णयाने नव्हे तर सभागृहात, उघड मताने यावी.

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचे कामही त्यांच्याकडे होते. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मांडले. आणि आपल्या जिल्ह्याने तर १९२७ साली विचित्र योग पाहिला. त्याच वर्षी भिऱ्याचे टाटांचे वीजघर मुळशीच्या पाण्यावर सुरू झाले आणि वीज मुंबईकडे निघाली. त्याच वर्षी महाडला आपल्या माणसांना तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजीच मंजूर केला होता. मंजुरी आणि पाणी यांच्यात साडेतीन वर्षे गेली, आणि तीही लोक चालत गेले म्हणून संपली. घारापुरी बेटावर, जिथे आजही बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. समोर मुंबईचा झगमगाट, आणि बेटावर तोवर जनरेटरचे मोजके तास.

विधिमंडळाची अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात. प्रत्येकाच्या आधी महिनाभर आपल्या विहाराच्या लेटरहेडवर आमदाराला एक पत्र धाडावे. मागच्या अधिवेशनात ऊर्जा विभागाच्या मागण्यांवर आपण बोललात का, वीज शुल्कावर प्रश्न टाकलात का, १०० युनिटच्या आतील घरांना शुल्क माफ करण्याची सुधारणा मांडाल का आणि त्यावर पोल मागाल का, एवढेच विचारावे. भाषा सभ्य असावी. पत्ता: विधान भवन, बॅकबे रेक्लमेशन, मुंबई ४०० ०३२. पोचपावतीसह पाठवावे आणि प्रत फाईलला लावावी. उत्तर आले तर रविवारच्या वंदनेनंतर सर्वांना वाचून दाखवावे, नाही आले तर किती दिवसांत आले नाही ते त्याच प्रतीवर तारखेसह लिहून ठेवावे.