घराला कुलूप, टपालाचं काय?

गावाला निघताना आम्ही श्रीरामपूरकर दूध, पेपर बंद करतो, टपाल विसरतो. साधं पत्र दाराखालून सरकतं. सहीचं टपाल मात्र ‘घर बंद’ शेरा घेऊन पोस्टात परत जातं, सात दिवस थांबतं आणि पाठवणाऱ्याकडे रवाना होतं. चेकबुक पुन्हा मागवता येतं, नोटिशीचं तसं नाही! १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ मुळे बरोबर पत्त्यावर रजिस्टरनं (२०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालं) धाडलेली नोटीस पोचली असंच धरतात, दाराला कुलूप असलं तरी. ‘मिळाली नाही’ हे सिद्ध करायचं तुम्ही. म्हणून मी जाण्याआधी हेड पोस्टात पोस्टमास्तरांना लेखी अर्ज देतो: माझं टपाल मुलाच्या पुण्याच्या पत्त्यावर वळवा. परतल्यावर दुसरा अर्ज, वळवणं थांबवा म्हणून.